गरोदरपणाचंच आकर्षण वाटतं, ही विकृती आहे का?

प्रश्न थोडक्यात असा. वय ३१, लग्नाला अडीच वर्षं, बायकोला पाचवा महिना. गरोदर बायकांबद्दल लैंगिक आकर्षण वयात आल्यापासून आहे. आता घरातच पोट दिसायला लागल्यावर ओढ वाढली आणि तिच्याबरोबर स्वतःची किळसही. रात्री फोनवर त्याच प्रकारचे व्हिडिओ पाहिले जातात. परवाच्या सोनोग्राफीत वार (प्लॅसेंटा) खाली असल्याचं निघालं, डॉक्टर ‘जरा जपून’ एवढंच म्हणाले. जाता जाता तुम्ही सांगितलंय की धाकटी बहीण झाली तेव्हा तुम्ही चार वर्षांचे होतात, आणि ऑफिसमधल्या एका सहकारी बाईंच्या डोहाळजेवणाचा फोटो फोनमध्ये ठेवलेला आहे. विचारलंय ते असं: ही विकृती आहे का, बायकोला सांगू का, बाळाला काही होईल का, आणि पोटाचं आकर्षण म्हणजे लहान मुलांचं आकर्षण तर नव्हे ना.

शेवटचा प्रश्न आधी निकालात काढू, कारण झोप त्यानेच उडालेली दिसते. नाही. तुमची ओढ एका प्रौढ बाईच्या शरीराकडे आहे, गरोदरपणात ते जसं होतं त्याकडे. आत बाळ आहे म्हणून ती ओढ बाळाकडे जात नाही. लहान मुलांविषयी लैंगिक विचार येतात का, हा पूर्ण वेगळा प्रश्न आहे आणि तुम्ही जे लिहिलंय त्यात त्याची खूण कुठेही नाही.

दुसरं काम वारेचं. मनाचं कोडं आठवडाभर थांबू शकतं, हे थांबवू नका.

विसाव्या आठवड्याच्या सुमाराला वार खाली दिसणं बऱ्याच जणींमध्ये आढळतं. पुढे गर्भाशय वाढतं, त्याचा खालचा भाग ताणला जातो आणि वार गर्भाशयाच्या तोंडापासून लांब गेलेली दिसते. बहुतेकींच्या बाबतीत बत्तिसाव्या आठवड्याच्या आसपास पुन्हा सोनोग्राफी होते तोवर हा प्रश्न मिटलेला असतो. पण आज वार तोंडावर किंवा अगदी काठाशी असेल, तर योनीसंबंधाने रक्तस्राव होऊ शकतो आणि तो किरकोळ नसतो. म्हणून ‘जरा जपून’ या दोन शब्दांवर हे सोडता येत नाही. तपासणीच्या खोलीत बायकोबरोबर तिची आई किंवा सासू असते, बाहेर रांग लागलेली असते. मग विचारणारा विचारत नाही आणि डॉक्टरही आपणहून विषय काढत नाहीत. पुढच्या वेळी दोघंच जा. रिपोर्टवरची ओळ दाखवून विचारा: वार तोंडापासून किती अंतरावर आहे? संबंध पूर्ण बंद का? बंद असतील तर फक्त प्रवेश बंद, की तिचा ऑरगॅझम आणि स्तनांना उत्तेजन देणंही? आणि कुठल्या आठवड्यापर्यंत? उत्तर फाइलवर लिहून घ्या. लिहिलेलं असलं की रात्री त्यावर घासाघीस होत नाही. उत्तर मिळेपर्यंत प्रवेश नको. शेजारी पडणं, पाय चेपून देणं, कुशीत घेणं याला कोणी मनाई केलेली नाही.

वारेची किंवा दुसरी कुठलीच गुंतागुंत नसेल तर संबंधांनी बाळाला इजा होत नाही. बाळ गर्भजलाच्या पिशवीत असतं, गर्भाशयाचं तोंड मिटलेलं असतं आणि त्यात घट्ट चिकट स्रावाचं बूच असतं. ऑरगॅझमनंतर पोट काही मिनिटं कडक होतं आणि आपोआप सैल पडतं, त्याला घाबरायचं कारण नाही. निम्मे दिवस उलटल्यावर तिला उताणं फार वेळ ठेवू नये. वाढलेलं गर्भाशय पाठीकडच्या मोठ्या शिरेवर दाबतं, तिला गरगरतं. कुशीवर, गुडघ्यांच्या मध्ये उशी घेऊन सोपं जातं. व्हिडिओत काहीही दाखवतात, त्यातली एक गोष्ट मात्र जिवावरची आहे: योनीत हवा फुंकणं. हवा रक्तात शिरू शकते. लाल रक्त दिसलं, पाणी गेल्यासारखं वाटलं, ठरावीक अंतराने कळा यायला लागल्या किंवा बाळाची हालचाल कमी वाटली, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना.

आता मूळ प्रश्न. या आकर्षणाला मायसिओफिलिया असं नाव आहे, सुईणीच्या कामासाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून घेतलेलं. नाव भारदस्त असलं तरी मानसोपचाराच्या यादीत या नावाचा आजार नाही. अमेरिकन मानसोपचार संघटनेची २०१३ ची नियमावली म्हणजे डीएसएम-५ आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेली जागतिक आरोग्य संघटनेची आयसीडी-११, दोन्हीकडे वेगळी आवड आणि आजार यांत फरक केलेला आहे. आजार म्हणायला आवडीपलीकडे काहीतरी लागतं: संमती नसलेल्या माणसाला त्यात ओढणं, स्वतःला किंवा दुसऱ्याला इजेचा धोका, किंवा तीव्र मानसिक त्रास. त्रासाबद्दल आयसीडी-११ मध्ये एक अट आहे ती तुम्ही दोनदा वाचावी अशी आहे. लोक काय म्हणतील, बायको झिडकारेल, एवढ्याच भीतीतून आलेला त्रास आजार ठरवायला पुरत नाही. तुमच्या लिहिण्यातला निम्म्याहून जास्त त्रास मला त्याच जातीचा दिसतो. उरलेल्याकडे पुढे येते.

हे आकर्षण येतं कुठून, यावर ठाम उत्तर नाही. एक धागा मात्र तुमच्या वर्णनाशी जुळतो. २०११ साली मॅग्नस एन्क्विस्ट आणि त्यांच्या स्वीडन-इटलीतल्या सहकाऱ्यांनी इंटरनेटवरच्या अशा आवडीच्या गटांतून २,०८२ लोकांची उत्तरं गोळा केली. गरोदरपणाची किंवा दुभत्या स्तनांची आवड असणाऱ्यांमध्ये पाठीवर भावंडं असलेल्यांचं प्रमाण अपेक्षेपेक्षा जास्त निघालं, आणि तेही मूल साधारण दीड ते पाच वर्षांचं असताना आई गरोदर किंवा अंगावर पाजणारी असेल तर. पक्ष्यांची पिल्लं ज्याच्या सहवासात वाढतात त्याचा ठसा पुढे जोडीदार निवडताना दिसतो, तसं काही माणसातही होत असावं, असा त्यांचा तर्क. तुम्ही चार वर्षांचे होतात, म्हणजे बरोबर त्या खिडकीत. पण यावरून ‘आईमुळे’ असं घरी बोलून बसू नका. उत्तरं देणारे स्वतःहून आलेले होते, आणि पाठीवर भावंड असलेली बहुतेक माणसं अशी आवड न घेताच मोठी होतात. ठसा ही एक शक्यता आहे, दोष कोणाचाच नाही.

दुसरा धागा सवयीचा, आणि तो तुमच्या हातात आहे. १९६६ साली लंडनमध्ये मानसशास्त्रज्ञ रॅकमन यांनी तीन पुरुषांना आधी बुटाचं आणि लगेच उत्तेजक चित्र असं पुन्हा पुन्हा दाखवलं. काही वेळाने नुसता बूट पाहूनही शरीर प्रतिसाद द्यायला लागलं. पुढे बूट एकटाच दाखवत गेल्यावर तो प्रतिसाद विरला. प्रयोग लहान आहे, त्यावर मोठी इमारत बांधू नये. पण हस्तमैथुन आणि ऑरगॅझम यांची जोड एकाच चित्राला वर्षानुवर्षं मिळत राहिली की ते चित्र पक्कं होतं, हे समुपदेशनात रोज दिसतं. चार वर्षांचं असताना काय पाहिलं ते बदलता येत नाही. गेली पंधरा वर्षं ज्या चित्राला खतपाणी घातलं ते मात्र बदलता येतं.

असा माणूस समोर आला की मी सर्वात आधी एक प्रश्न विचारते: नेमकं काय आवडतं? ‘गरोदर बाई’ हे उत्तर फार मोठं आहे, ते फोडावं लागतं. काहींना आकार आवडतो: भरलेलं पोट, जड स्तन, चालीतला बदल. काहींना अर्थ आवडतो: ‘हे माझ्यामुळे झालं’. आपल्याकडे लग्नाला वर्ष होताच ‘काय मग, गोड बातमी कधी’ सुरू होतं. त्या सगळ्यांना पोटाने परस्पर उत्तर दिलेलं असतं, त्याचा सुटकेचा आणि मिरवण्याचा भाग पुरुषांच्या कामेच्छेत किती मिसळलेला असतो हे त्यांचं त्यांना कळत नाही. काहींना नुसतं मोकळं वाटतं, कारण पाळी चुकण्याची धास्ती, निरोध, गोळ्या सगळं नऊ महिने बाजूला पडतं. काहींना तिची काळजी घेताना येणारी जवळीक हवी असते आणि ती इतर वेळी मागता येत नाही. आणि काहींना फक्त मनाईची गोडी असते: हे पाहू नये, म्हणून पाहावंसं वाटतं. हे धागे एकाच माणसात दोन-तीन असतात. एका संध्याकाळी कागद घेऊन बसा आणि तुमच्यात कोणते, किती, हे प्रामाणिकपणे लिहा. फाडून टाका नंतर. कामाचं एवढ्यासाठी, की प्रत्येक धाग्याचं पुढचं पाऊल वेगळं आहे. आकार आवडणाऱ्याला बाळंतपणानंतर अवघड जातं. अर्थ आवडणाऱ्याला ‘दुसरं कधी’ची घाई होते. मनाईची गोडी असलेल्याची गोडी बायकोला सांगून टाकलं की बरीचशी ओसरते. जवळिकीची भूक असलेल्याला खरं तर समुपदेशक लागतच नाही. ‘माझ्या जवळ बस’ म्हणायला शिकावं लागतं.

(बायकांमध्येही हे असतं. स्वतःचं पोट पाहून आवडणं, किंवा मूल नको असतानाही दिवस राहण्याची कल्पना उत्तेजक वाटणं. त्यांच्याबद्दल कमी बोललं जातं एवढंच.)

स्वतःची किळस का वाटते, याचं उत्तर मात्र मनापेक्षा समाजात जास्त सापडेल. आपल्याकडे दिवस गेलेली बाई ‘दोन जिवांची’ होते आणि त्या क्षणापासून तिच्याकडे बघण्याची एक ठरलेली नजर घरात येते. आधी गुपचूप चोरचोळी, मग सातव्या महिन्यात फुलांचे दागिने, झोपाळा नाही तर धनुष्यबाण, पेढा की बर्फी. पोट पदराआड, कारण दृष्ट लागते. सगळं कौतुकाचं, पण त्यात नवऱ्याची जागा फोटोत कडेला उभं राहायची. ती आता आई आहे आणि आईकडे त्या नजरेने बघायचं नसतं, हे न सांगता मनात बसतं. त्यामुळे दोन टोकाचे नवरे दिसतात. एकाला गरोदर बायकोला हात लावायलाही नको वाटतं. आदर आणि इच्छा एकाच बाईबद्दल वाटू शकत नाही ही अडचण मनोविश्लेषक फ्रॉइडने १९१२ साली मांडलेली आहे. दुसरा तुमच्यासारखा, ज्याला इच्छा होते आणि ती होते म्हणून स्वतःची घाण वाटते. मूळ दोघांचं एकच: आई आणि बाई या दोन वेगळ्या खोल्या आहेत असं धरून चालणं.

आपली परंपरा मात्र इतकी सोवळी नव्हती. कालिदासाच्या ‘रघुवंश’ काव्याच्या तिसऱ्या सर्गात राणी सुदक्षिणा गरोदर आहे. तिला माती खायचे डोहाळे लागलेत, आणि दिलीप राजा एकांतात तिच्या मातीचा वास येणाऱ्या मुखाचा वास घेतो आणि त्याचं समाधानच होत नाही. उपमा आहे उन्हाळा सरताना पहिल्या सरींनी भिजलेल्या रानातल्या डबक्याचा वास घेणाऱ्या हत्तीची. गरोदर बायकोची नवऱ्याला वाटणारी शारीरिक ओढ कालिदासाने लपवली नाही आणि तिच्यावर शेराही मारला नाही. फरक एवढाच बघा, की दिलीपाला ओढ सुदक्षिणेची आहे, तिच्या तोंडाच्या वासासकट. नुसत्या पोटाची नाही. अलीकडे १९९१ मध्ये अभिनेत्री डेमी मूर गरोदरपणी विवस्त्र मासिकाच्या मुखपृष्ठावर आली तेव्हा अमेरिकेत गदारोळ झाला. २०१६ मध्ये करीना कपूर पोटासह मुंबईत रॅम्पवर चालली तेव्हा कौतुक झालं. आता तालुक्याच्या गावीही नदीकाठी गाऊन घालून फोटो काढले जातात. पोट पदराआडून बाहेर आलंय, त्याबद्दल बोलायची भाषा मात्र आलेली नाही. र. धों. कर्वे १९२७ ते १९५३ ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवत होते, लोकांच्या असल्या प्रश्नांना सरळ मराठीत उत्तरं देत होते आणि त्यासाठी कोर्टाच्या पायऱ्याही चढले. तेव्हा असा प्रश्न मराठीत विचारणारे तुम्ही पहिले नाही आहात.

इथवरचं एका दमात: आवड हा आजार नाही, उगम बहुधा लहानपण आणि सवय मिळून, किळस बरीचशी बाहेरून आलेली. आता तो उरलेला भाग, जिथे खरंच लक्ष द्यायला हवं.

बिघाड कसा सुरू होतो ते सांगते. नवरा दर दोन दिवसांनी पोट किती वाढलं ते बघतो, आरशासमोर उभं राहायला लावतो, फोटो मागतो. जवळ आला की हात सरळ पोटावर, चेहऱ्याकडे नजर नाही. तिला मळमळतंय, पाय सुजलेत, पाठ धरलीय, गालावर वांग आलेत, पोटावर रेषा उठल्यात म्हणून ती रडवेली आहे, आणि त्याला मात्र सगळं छानच दिसतंय. कौतुक म्हणून तो जे बोलतो ते तिला ऐकू येतं ते असं: ‘मी नाही, पोट आवडतं.’ तुमच्या घरी हे सुरू झालंय का, हे ओळखायची एक साधी परीक्षा आहे. गेल्या आठवड्यात तिला काय खावंसं वाटलं, रात्री कितीदा उठावं लागलं, कशाची भीती वाटते, हे तुम्हाला सांगता येतं का? ‘डोहाळे’ हा शब्द ज्यावरून आला त्या ‘दौहृद’ शब्दाचा उलगडा आयुर्वेदात दोन हृदयांची बाई असा करतात. बाळाच्या हृदयाचं सोनोग्राफीत कळतं, पण दुसऱ्या हृदयाचं, तिच्या स्वतःच्या मनाचं, विचारलंत का?

शिवाय तुमची इच्छा आणि तिची इच्छा एका वेगाने चालणार नाहीत. यावरचे बरेच अभ्यास एकत्र पाहिले तर साधारण असं दिसतं: पहिल्या तीन महिन्यांत बायकांची इच्छा थोडी कमी, मधल्या तीन महिन्यांत कोणाची वाढते, कोणाची घटते, शेवटच्या तीन महिन्यांत स्पष्ट घट. म्हणजे पोट सर्वात मोठं असेल तेव्हा तिची तयारी सर्वात कमी असण्याची शक्यता. हा पेच तुमच्यासाठी येणारच आहे. तो आल्यावर ‘आता तर खरी वेळ होती’ असा रुसवा धरलात, तर तिला सगळं कळेल आणि वाईट रीतीने कळेल.

म्हणून सांगायचं का? माझं मत: सांगावं, पण सगळं नाही आणि कधीही नाही. मनात पंधराव्या वर्षापासून काय काय येत गेलं त्याचा जमाखर्च तिला देण्याची गरज नाही, तो तुमचा खाजगी भाग आहे. आज तिच्या शरीराबद्दल काय वाटतं, तेवढं तिच्याशी संबंधित आहे. अंथरुणात नको, संबंधांनंतर लगेच नको, ती माहेरी असताना फोनवर तर नकोच. जेवणं झाल्यावर, दोघं फिरायला गेलात तर तेव्हा, चालता चालता बरं पडतं, कारण एकमेकांकडे बघावं लागत नाही. शब्द साधे ठेवा. ‘तुला सांगायचं होतं, तू आत्ता मला फार आवडतेस. गरोदरपणाचं मला पहिल्यापासून आकर्षण आहे, त्याची लाजही वाटायची. तू याआधीही आवडायचीस आणि नंतरही आवडशील. तू काही करावंस म्हणून हे सांगत नाहीये.’ आणि थांबा. त्याच रात्री उत्तर मागू नका. ती हसेल, गप्प बसेल, ‘म्हणजे आधी नव्हते का आवडत?’ असं विचारेल. या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी तयार ठेवा आणि ते नेमकं हवं: तुमच्या अडीच वर्षांतले दोन-तीन प्रसंग, तिचं बोलणं, तिचा हट्ट, काहीही, पण तिचं. ‘असं काही नाही गं’ पुरणार नाही. कोणासाठी हे सांगणं चुकीचं ठरेल? जिचा आधी गर्भ पडलेला आहे, जी सतत भेदरलेली आहे, किंवा ज्यांच्यात आधीच भांडणं आहेत त्यांच्यासाठी. त्यांनी आधी समुपदेशकाकडे दोघांनी जावं.

फोनबद्दल. आज ‘उद्यापासून बंद’ असा पण करू नका, तो तिसऱ्या दिवशी मोडतो आणि किळस दुप्पट होते. दोन आठवडे फक्त टिपा: किती वाजता, त्याआधी मन कसं होतं (कंटाळा, ताण, भांडण, की नुसती इच्छा), किती वेळ, नंतर कसं वाटलं. बहुतेकांना आपल्या वहीत इच्छेपेक्षा ताण जास्त सापडतो. मग फोनचं चार्जर बेडरूमच्या बाहेर लावा. हस्तमैथुन करायचं तर पडद्याशिवाय, आणि कल्पनेत मुद्दाम पोटाखेरीज तिचं बाकीचं आणा: आवाज, मान, केस, तिचं हसणं. सुरुवातीला प्रतिसाद मंद येईल, काही वेळा ताठरता टिकणार नाही. रॅकमनचा बूट आठवा. जोड सुटायला वेळ लागतो. आवड पुसून टाकणं हा हेतू नाही, ती बहुधा जाणारही नाही. एकाच दरवाजातून आत जायची सवय लागलेल्या घराला आणखी दोन दरवाजे पाडायचे आहेत, इतकंच. खास जपायचा काळ म्हणजे सातव्या महिन्यानंतर ती माहेरी जाईल तेव्हाचा. रिकामं घर, हातात फोन आणि मनात चित्रं, हे समीकरण आपल्या बाळंतपणाच्या पद्धतीनेच तयार करून ठेवलंय. त्या दिवसांत रोज रात्री तिला ठरलेल्या वेळी फोन करायचा, आणि दर शनिवार-रविवारी जाता आलं तर जायचं.

तज्ज्ञाकडे कधी जायचं? व्हिडिओंपायी झोप आणि कामावर परिणाम व्हायला लागला. व्हिडिओ पाहिल्याशिवाय बायकोबरोबर काहीच होत नाही असं तीन-चार महिने चाललं. अनोळखी गरोदर बाईच्या मागे जावंसं, तिला स्पर्श करावासा वाटायला लागला. किंवा जीव नकोसा झाला, तर लगेच. मानसोपचारतज्ज्ञ किंवा लैंगिक समस्यांचं प्रशिक्षण असलेले मानसशास्त्रज्ञ पाहा, भिंतीवर जाहिरात रंगवणारे ‘गुप्तरोग’वाले नकोत. तुम्ही सांगितलेलं गोपनीय ठेवणं २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने त्यांच्यावर बंधनकारक आहे. कुठे जावं सुचत नसेल तर टेली-मानसच्या १४४१६ या सरकारी नंबरवर मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

बाळंतपणानंतरचं आत्ताच डोक्यात घ्या. बाळ बाहेर आल्यावर पोट लगेच सपाट होत नाही, काही दिवस पाच-सहा महिन्यांचं असल्यासारखंच दिसतं, पण मऊ आणि सैल. गर्भाशय मूळ आकाराला यायला सहा आठवडे लागतात. आपला सव्वा महिना आणि डॉक्टरांचे सहा आठवडे जवळपास एकच, तरी तो आकडा म्हणजे परवाना नव्हे. टाके भरलेले हवेत, स्राव थांबलेला हवा आणि मुख्य म्हणजे तिला हवं असायला हवं. अंगावर पाजताना इस्ट्रोजेन कमी असतं, योनी कोरडी राहते, दुखतं. पाण्याचा आधार असलेलं वंगण वापरावं लागतं. या काळात तुमची ओढ एकदम ओसरली, तर ती तिच्या शरीरावर घेईल: ‘मी आता बेढब झाले.’ ओढ ओसरली तरी स्पर्श ओसरू देऊ नका. आणि पाळी आली नाही म्हणून निर्धास्त राहू नका, पाळीच्या आधी बीज सुटतं. पुढच्या दिवसांबद्दल आणखी स्पष्ट सांगते. जागतिक आरोग्य संघटना बाळंतपण आणि पुढची गरोदर राहण्याची वेळ यांत किमान २४ महिने ठेवा म्हणते. ‘दुसरं लगेच होऊ दे’ असं तुमच्या तोंडून बाळ सहा महिन्यांचं असतानाच निघालं, तर ते मुलासाठी आहे की पोटासाठी, हे तिच्याआधी स्वतःला विचारा. तिचं पाळणा लांबवण्याचं साधन लपवणं, त्यावर रुसणं, गोळ्यांवरून टोमणे मारणं, इथे मात्र मी विकृती हा शब्द वापरायला कचरणार नाही.

राहिला ऑफिसमधला फोटो. बाईंनी तो व्हॉट्सॲप गटावर टाकला तो आनंद वाटायला, तुमच्या कामेच्छेसाठी नाही. त्यांना कळलं तर काय वाटेल हे तुम्हाला माहीत आहे, म्हणूनच तुम्ही तो प्रश्नात लिहिलात. मनात आलेल्या विचारावर कोणाचा ताबा नसतो. जपून ठेवलेल्या फाइलवर तुमचा असतो. तो काढून टाका, आणि अशा बाईंशी बोलताना पोटावरून कौतुक, हात लावणं, ‘दिसतेस छान’ हेही बंद. गॅलरीतून काढला की तो कचऱ्याच्या फोल्डरमध्ये काही फोनांत तीस, काहींत साठ दिवस पडून असतो. तिथूनही काढा, आणि व्हॉट्सॲपचं फोटो आपोआप उतरवून घेण्याचं सेटिंगही बंद करून टाका.